मंगळावरच्या पोराचं आजोळ

पुण्यात दोन अनोळखी माणसं बोलायला लागली की तिसऱ्या-चौथ्या वाक्याला प्रश्न येतोच, "मूळचे कुठले तुम्ही?" माझा जन्म कोथरूडचा, शाळा, कॉलेज, नोकरी सगळं इथलं, तरी तोंडातून उत्तर निघतं, "राजापूरकडचे." त्या वाडीत उभ्या आयुष्यात माझे सगळे मिळून चाळीस-पन्नास दिवस गेले असतील. घराची पडवी गेल्या पावसात बसली, उरलेल्या घरावर चुलतभावाचा आणि माकडांचा संयुक्त ताबा आहे. पण गाव कुठलं विचारलं की तेच.

हे आठवायचं कारण माझा भाचा. तो न्यू जर्सीत जन्मला, दहाव्या वर्षी आईवडिलांबरोबर बाणेरला आला, आता नववीत आहे. फेब्रुवारीत विज्ञान दिनाला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत जाऊन आला आणि रात्री आमच्याकडे जेवताना त्यानं जाहीर केलं की मोठेपणी तो मंगळावर सेटल होणार. लग्न करून जाणार, मुलंबाळंही तिकडेच. माझी आई मेथी निवडत बसली होती. मान वर न करता तिनं विचारलं, "आणि त्या पोरांचं आजोळ कुठं?"

आम्ही हसलो. भाचा म्हणाला, "आजी, व्हिडिओ कॉल असतो ना." मामाच्या अधिकारानं मी त्याला तिथल्या तिथे दुरुस्त केलं. मंगळ कुठे आहे त्यानुसार संदेश एका बाजूनं पोचायला ३ ते २२ मिनिटं लागतात. मंगळ लांब असताना नातवंडानं "आजी" अशी हाक मारली तर आजीचं "काय रे?" त्याला ऐकू यायला पाऊण तास. हा हिशेब सांगून मी स्वतःवर खूश झालो आणि आईचा प्रश्न तसाच पडून राहिला. नंतर कित्येक दिवस तो माझ्याबरोबर ऑफिसला येत-जात होता.

कारण आजोळ म्हणजे नुसतं आईच्या आईचं घर नव्हे. जिथे आपण राहत नाही पण जिथे आपलं जाणं-येणं गृहीत धरलेलं असतं, अशी ती जागा. परीक्षा संपली की जायचं, शाळा सुरू व्हायच्या आधी परत यायचं, आणि परत येताना पिशवीत काहीतरी असायचं. येण्याची वाट नसेल तर आजोळ उरत नाही, भिंतीवरचा फोटो उरतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सज्ञान माणसानं चंद्रावर जावं, मंगळावर जावं, परत न येण्याच्या बोलीवर जायचं असेल तर तसंही जावं. पण ज्या जागेहून मुलाला शरीरानं, पैशानं आणि कायद्यानं पृथ्वीवर येता येईल याची खात्री नाही, तिथे मुलं जन्मतील अशी वस्ती वसवायला कुठल्याही देशानं कुठल्याही कंपनीला परवाना देऊ नये. भारतानं तर हे आपल्या कायद्यात आत्ताच लिहून ठेवावं.

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं यावर कुणीही म्हणेल. मंगळावर अजून माणसाचं पाऊल पडलेलं नाही आणि हे गृहस्थ तिथल्या बारशाची पत्रिका काढून बसलेत! मान्य. पण बाह्य अंतराळाचा आंतरराष्ट्रीय करार झाला १९६७ मध्ये, तेव्हा चंद्रावरही कुणी उतरलेलं नव्हतं. चंद्र कुठल्याच देशाच्या मालकीचा होणार नाही हे तेव्हा लिहिलं गेलं, कारण तेव्हा कुणाच्याच हातात चंद्र नव्हता. दोन वर्षांनी झेंडा रोवून झाल्यावर ते लिहायला बसले असते तर काय झालं असतं, हे वाटणीच्या कज्ज्यांत मुरलेल्या आपल्या लोकांना सांगायला नको. तुरी बाजारात असतानाच भांडण मिटतं. एकदा घरात आल्या की मिटत नाही.

आणि तुरी बाजारात आहेत, हे नक्की. इलॉन मस्क यांनी २०५० पर्यंत दहा लाख माणसं मंगळावर नेण्याची भाषा केली आहे. जेफ बेझोस यांना अंतराळात फिरत्या वसाहती बांधायच्या आहेत, त्यांत लाखो माणसं पिढ्यानपिढ्या राहतील. आपल्याकडे २०३५ पर्यंत भारतीय अंतरिक्ष स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय माणूस, असं सरकारनंच उद्दिष्ट ठेवलंय. स्थानक म्हणजे वसाहत नव्हे, हे मलाही कळतं. पण २०१७ मध्ये अंतराळ उपक्रम विधेयकाचा मसुदा लोकांपुढे आला, २०२३ मध्ये अंतराळ धोरण आलं, खाजगी कंपन्यांना दार उघडलं, आणि कायदा मात्र अजून व्हायचा आहे. म्हणजे लिहायला कोरा कागद समोर आहे. अशी सोय वारंवार होत नाही.

आता शरीराकडे येतो, कारण ओढ, आठवण वगैरे गोष्टींवर वाद घालता येतो, हाडांवर घालता येत नाही.

१९९१ च्या जूनमध्ये कोलंबिया यानातून जेलीफिशची सुमारे अडीच हजार पिल्लं अंतराळात नेली होती. नऊ दिवसांच्या त्या फेरीत त्यांची संख्या साठ हजारांच्या घरात गेली. वाढ झाली, संसार बरा चालला. पण वजनरहित अवस्थेत वाढलेल्या त्या जेलीफिशना पृथ्वीवर आणल्यावर त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना नीट पोहता येईना, जणू घेरी आलेली. जेलीफिशच्या अंगात बारीक स्फटिक असतात, त्यांच्या कलण्यावरून तिला वर कुठे आणि खाली कुठे ते कळतं. आपल्या कानाच्या आतही तसेच खडे असतात, आणि त्यांच्यावरच आपलं तोल सांभाळणं चालतं. पुढे १९९८ मध्ये न्यूरोलॅब या मोहिमेत उंदरांची लहान पिल्लं सोळा दिवस वर नेली. उताणं ठेवल्यावर पालथं होणं ही उंदराच्या पिल्लाला कुणी न शिकवताच जमणारी गोष्ट. ती पृथ्वीवरच्या पिल्लांसारखी त्यांना येईना, आणि काही फरक परतल्यावरही पुष्कळ दिवस टिकून राहिले. शिकण्याचं वय वरती गेलं होतं.

मोठ्या माणसाचं काय होतं, ते आपण शुभांशु शुक्ला यांच्याकडून ऐकलं. २०२५ च्या जून-जुलैत ते अठरा दिवस आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर राहिले. जाताना गाजर हलवा, मुगाचा हलवा आणि आमरस नेला होता (आमरस नेला हे वाचून माझ्या आईनं पहिल्यांदा अंतराळ मोहिमेला मनापासून मान्यता दिली). परत आल्यावर त्यांनी सांगितलं की लॅपटॉप बंद करून त्यांनी तो पलंगाशेजारी हवेत सोडून दिला. तरंगेल असं वाटलं, तो पडला. पृथ्वीवर चाळिशीला टेकलेल्या, हवाई दलात विमानं उडवलेल्या माणसाचा हात अठरा दिवसांत पृथ्वी विसरला. पण त्याला आठवायला काहीतरी होतं. काही दिवसांत हात ताळ्यावर आला. मंगळावर जन्मलेल्या मुलाला काय आठवणार?

मंगळाचं गुरुत्वाकर्षण आपल्या ३८ टक्के, चंद्राचं सहावा हिस्सा. अठरा वर्षं मंगळावर वाढलेला मुलगा पृथ्वीवर उतरला की त्याला आपलं शरीर जन्मभराच्या सवयीपेक्षा अडीच पटींहून जड लागेल. पन्नास किलोच्या माणसाच्या पाठीवर आणखी ऐंशी किलो बांधून त्याला पर्वती चढायला लावावं, तसं. शिवाय माणसाच्या हाडांची बरीचशी भरणी विशीच्या आत होते, आणि हाडं भरतात ती भार पडल्यावर. स्थानकावरचे अंतराळवीर रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात तो याचसाठी. व्यायाम नसेल तर कंबरेचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का झिजतं. चंद्राच्या गुरुत्वात माणूस सगळ्यात जास्त राहिला तो अपोलो १७ मध्ये, ७५ तास. मंगळाच्या गुरुत्वात कुणीच नाही. वजनरहित गरोदरपण तर माणसानं कधी अनुभवलेलंच नाही. इतक्या तुटपुंज्या शिदोरीवर कुणी एखादी गोळी बाजारात आणायला निघालं तर आपण त्याला दारातूनच परत पाठवू.

गोळीवरून आठवलं. आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत. मुलांवर प्रयोग करायचा तर पालकांची संमती हवी, सात ते अठरा वर्षांच्या मुलाचा स्वतःचा होकारही हवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याला प्रयोगातून केव्हाही बाहेर पडता आलं पाहिजे. कारण न देता, काही न गमावता. मंगळावरचं बालपण हा प्रयोगच आहे, अजून कुणीच न केलेला. पालकांची संमती आहे असं समजू. मुलाचा होकार जन्माआधी घेता येत नाही, तेही सोडून देऊ. बाहेर पडायच्या दाराचं काय? प्रयोग जितका यशस्वी होईल, म्हणजे मूल मंगळाला जितकं सरावेल, तितकं हे दार अरुंद होत जाणार. नीट वाढलेल्या मुलालाच परत येता येणार नाही. मला तरी दुसरा कुठलाही प्रयोग असा माहीत नाही.

इथे भाचा मला अडवतो. "मामा, पण कुणालाच विचारून जन्माला घालत नाहीत. मला कुठे विचारलं होतं, न्यू जर्सी की पुणे?" खरं आहे. पुण्यात आल्यावर पहिले सहा महिने त्याला हॉर्न, डास आणि पोहे तिन्ही सहन होत नव्हते. खिडकीशी बसून बर्फाबद्दल बोलायचा. अजूनही त्याच्या फोनवर दोन गावांचं हवामान असतं, पुणे आणि एडिसन. म्हणजे ओढ उलटीही लागते. आपण ज्याला परदेश म्हणतो ते कुणाचं तरी मूळ गाव असतं. मंगळावर वाढलेल्या पोराला मंगळच प्यारा वाटेल, हे अगदी शक्य आहे. पृथ्वीचं उघडं आकाश बघून त्याला धडकी भरेल, गर्दीचा वास सोसणार नाही, छताशिवाय झोप येणार नाही. पृथ्वीसाठी झुरणारं मंगळावरचं केविलवाणं बाळ डोळ्यांपुढे आणून मी युक्तिवाद करणार नाही. ते आपलं आपल्यावरचं प्रेम आहे.

पण ओढ कुठून लागते, ते मला माझ्या राजापूरवरून कळतं. मी तिथे वाढलो नाही. मला ती जागा लावून दिली. बाबांनी, आत्यानं, गणपतीत येणाऱ्या काकांनी, फणसाच्या गऱ्यांनी. मंगळावरचे आईबाप दुसरं काय करतील? मूल मराठी असेल तर त्याच्यापुढे मुळाक्षरांचा तक्ता टांगतील. क कमळाचा, ढ ढगाचा, न नळाचा, ब बदकाचा. मंगळावर विरळ ढग असतात, पण त्यातून पाऊस पडत नाही. कमळ नाही, बदक नाही. नळ असेल. अख्ख्या तक्त्यात मुलाच्या हाताला लागणारी वस्तू एक, आणि तीही पुणे महानगरपालिकेच्या भरवशावर नसल्यामुळे चोवीस तास पाणी देणारी. बाकी सगळी अक्षरं दुसऱ्या जगातली. "पाय जमिनीवर ठेव" असं त्याला सांगायचं तर कुठल्या जमिनीवर? भाषा शिकवली की ओढ फुकट मिळते. ती नको असेल तर मुलाला पृथ्वीबद्दल काही सांगायचंच नाही असं ठरवावं लागेल, आणि तसा बाप मला अजून भेटायचा आहे. दिवाळीला ते फराळ करतील, सिंहगडाचे व्हिडिओ दाखवतील, "बघ, इथे तुझे आजोबा दर रविवारी झुणका-भाकर खायचे." ओढ आपणच लावणार आणि दार आपणच बंद ठेवणार. माझी तक्रार आहे ती एवढीच.

जागेवर हक्क सांगण्यासाठी मूल जन्माला घालणं ही कल्पनाही नवी नाही. अंटार्क्टिकावर दावा पक्का करण्यासाठी अर्जेंटिनानं एका लष्करी अधिकाऱ्याच्या गरोदर पत्नीला विमानानं आपल्या तळावर नेलं आणि जानेवारी १९७८ मध्ये एमिलिओ पाल्मा हा त्या खंडावर जन्मलेला पहिला ज्ञात माणूस ठरला. पुढे चिलीनंही तेच केलं. सातबाऱ्यावर नाव चढवायला तलाठ्याकडे खेटे घालावे लागतात; यांनी बाळंतीण धाडली. पाल्माला निदान परतीचं विमान होतं. १९६७ च्या करारानं ग्रहांवर मालकी सांगायला बंदी आहे, पण वहिवाट कशी निर्माण होते ते जगातल्या सगळ्या तलाठ्यांना ठाऊक आहे. अंटार्क्टिकावर आपलंही मैत्री स्थानक १९८९ पासून आणि भारती २०१२ पासून चालू आहे. पुण्याच्या हवामान खात्यातली माणसं तिथे वर्ष-वर्ष काढून येतात. तिथे हवा फुकट आहे, गुरुत्वाकर्षण पूर्ण आहे, तरीही आपल्यातलं कुणी संसार थाटायला तिकडे मुलं घेऊन जात नाही. मंगळ अंटार्क्टिकापेक्षा कितीतरी वाईट. क्युरिऑसिटी गाडीनं मोजलेला तिथला किरणोत्सार पृथ्वीवरच्या नैसर्गिक पातळीच्या साधारण शंभरपट आहे. म्हणजे राहायचं ते जमिनीखाली.

पण मला सगळ्यात जास्त खटकतं ते विज्ञान नाही, हिशेब आहे.

दिवाळी झाली की बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या दौंड, बारामती, इंदापूरच्या फडांत उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाच्या आधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती ऊस तोडून फेडायची. नाही फिटली तर पुढच्या हंगामावर जाते. कोपीत जन्मलेलं, फडाच्या बांधावर झोळीत झोपलेलं मूल त्या उचलीत सहीशिवाय सामील असतं. शाळा सुटते, उन्हाळ्यात गावी परतलं की जूनमध्ये पुन्हा वर्गात बसतं, पुन्हा दिवाळीत उठतं. आपण याला अन्याय म्हणतो. त्यासाठी साखरशाळा काढल्या, हंगामी वसतिगृहं काढली, पुरी पडली नाहीत ही गोष्ट वेगळी. भाच्याच्या त्या "कुणालाच विचारत नाहीत" या मुद्द्यावर माझं उत्तर हे आहे. विचारत नाहीत म्हणून तर बाकीच्यांनी मध्ये पडायचं असतं.

आणि आता हे ऐका. २०२० च्या जानेवारीत मस्क यांनी लिहिलं होतं की ज्यांच्याकडे पैसे नसतील त्यांना मंगळावर जायला कर्ज मिळेल, तिथे नोकऱ्या भरपूर असतील. मी हे वाचलं तेव्हा मला रॉकेट दिसलंच नाही, मुकादम दिसला. उचल घेऊन फडावर गेलेलं कुटुंब, आणि तिथे जन्मलेलं मूल. फरक एवढा की दौंडच्या फडावर हवा मुकादमाची नसते. आमच्या सोसायटीत मेंटेनन्स थकला की नाव नोटीस बोर्डावर लागतं, फार तर क्लब हाऊसची किल्ली मिळत नाही. जिथे प्राणवायू, पाणी, उजेड आणि परतीची गाडी एकाच कंपनीची, तिथे थकबाकीदाराच्या मुलानं काय करायचं? संप करायचा? दारं कुणाच्या हातात?

गिरमिटात, म्हणजे परदेशी नेलेल्या मजुरांच्या करारात सुद्धा परतीची ओळ होती. इंग्रजांनी ऊस लावायला फिजीत मजूर नेले त्यांना दहा वर्षांनी फुकट परत येण्याचा हक्क करारात दिला होता. मॉरिशसला गेलेल्यांनाही सुरुवातीला तो होता, नंतर काढून घेतला. कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आज मॉरिशसमध्ये आहेत, तिथे शाळेत मराठी शिकवतात, आणि त्यांच्यातलं कुणी कोकणात आपलं गाव शोधत आलं तर आपण त्याला चहा पाजतो, कारण विमानाचं तिकीट काढून कुणालाही येता येतं. वसाहतवाल्यांच्या दयाबुद्धीवर माझा भरवसा नाही. पण परतीची ओळ लिहिली पाहिजे एवढं त्यांनाही सुचलं होतं.

मग कायद्यात काय लिहायचं? १९६७ च्या करारानुसार खाजगी कंपनीच्या अंतराळातल्या उद्योगाचीही जबाबदारी तिच्या देशावर असते. परवाना देणं, देखरेख ठेवणं हे देशाचं काम. म्हणजे अधिकार आहे. आपल्या परवान्यावर जाणाऱ्या वस्तीत किती माणसं आहेत त्या प्रत्येकाच्या, आणि जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाच्या, परतीचा खर्च आधीच वेगळ्या खात्यात ठेवायला लावावा. हे फार क्रांतिकारक नाही. रेरा कायद्यानं बिल्डरला ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायला लावलेच ना? बाणेरमधल्या टू बीएचकेला जे संरक्षण आहे तेवढं पोराला मिळावं. वाढत्या प्राण्यांच्या दोन-तीन पिढ्या तितक्याच गुरुत्वात वाढवून, पृथ्वीवर आणून, त्या इथे धडपणे जगतात हे दाखवल्याखेरीज कुटुंबांसाठी वस्तीचा परवानाच नको. आणि नागरिकत्व. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात जहाजावर आणि विमानात जन्मलेल्या मुलाचं काय करायचं ते लिहिलंय: ज्या देशात जहाज नोंदलेलं, तिथला जन्म समजायचा. त्यात अंतराळयान हा एक शब्द घालायचा आहे. संसदेला अर्धी दुपार लागेल, गोंधळ धरून एक दिवस.

मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यात तेरावं कलम म्हणतं की प्रत्येकाला आपल्या देशात परतण्याचा हक्क आहे. मंगळावर जन्मलेल्यासाठी "परतणं" हा शब्दच अडचणीचा, तो कधी निघालाच नव्हता. म्हणून कायद्यात "परत येण्याचा" असं न लिहिता "पृथ्वीवर येण्याचा" असं लिहावं लागेल. सज्ञान कधी हेही आपल्या वर्षांत लिहावं लागेल, नाहीतर मंगळाच्या ६८७ दिवसांच्या वर्षानं अठराचं पोरगं साडेनऊचं ठरेल आणि कंपनी म्हणेल, अजून लहान आहे, आईबापांची सही चालेल.

आता एक आक्षेप मला खरोखर छळतो, त्याला बगल देणार नाही. मूल होऊ नये असा नियम म्हणजे बाईच्या शरीरावर सरकारचा पहारा. आणीबाणीतली नसबंदी या देशानं पाहिली आहे. लोकसंख्येचे आकडे हातात घेऊन सरकार घरात शिरलं की काय होतं ते मी कुणाला सांगायला नको. म्हणून बंदी बाईवर नको, परवान्यावर हवी. तिथे कुणाला दिवस गेले तर तिला शिक्षा नाही, सक्ती नाही, तिचं आणि मुलाचं सगळं करणं कंपनीवर बंधनकारक, आणि मूल पहिल्या श्वासापासून पूर्ण नागरिक. तरीही तिथे एकटी पडलेली बाई, सात-आठ महिन्यांच्या अंतरावरचा देश आणि शेजारच्या खोलीत कंपनीचा डॉक्टर, हे चित्र काही सुंदर होत नाही. नियम लिहिल्यानं सगळं सुटतं असं मी म्हणत नाही. नियम नसताना ते कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडे जाईल, एवढंच मला दिसतं.

दुसरा आक्षेप मला छळत नाही. पृथ्वीवर उल्का आदळली तर मानवजातीची एक प्रत दुसरीकडे असावी, असा तो. प्रत फाइलची ठेवतात. जाती टिकवण्यासाठी एका मुलाचे गुडघे गहाण टाकायचे, हा सौदा मोठ्या शब्दांत सांगितला म्हणून मोठा होत नाही. आणि उल्केची एवढी काळजी असेल तर ती वळवायचा उद्योग चालू आहे; २०२२ मध्ये नासानं डार्ट यान एका छोट्या लघुग्रहावर आदळवून त्याची कक्षा बदलून दाखवली. तो मार्ग स्वस्त आहे आणि त्यात कुणाला जन्माला घालावं लागत नाही.

मी रॉकेटांच्या विरोधात नाही, हे सांगायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी चांद्रयान-३ उतरलं तेव्हा आमच्या ऑफिसात मी खुर्चीवर उभा होतो. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तर देतो. या गावात आमच्या पिढीचं कुतूहल अशा पोस्टकार्डांवर वाढलं. मंगळावरून येणाऱ्या पहिल्या पोस्टकार्डावर खगोलशास्त्राचा प्रश्न असेल असं मात्र मला वाटत नाही.

परवा हा लेख भाच्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, "मामा, तू बिल्डरच्या ॲग्रिमेंटसारखं लिहिलंयस." आई आतून म्हणाली, "एवढं कशाला? पहिलं बाळंतपण माहेरी, एवढंच लिही."

"आजी, मंगळाची गाडी सव्वीस महिन्यांनी एकदा असते. प्रवास सात-आठ महिन्यांचा."

आई बाहेर आली. बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हणजे सातवा लागल्यावर निघाली तर?"

"तर वाटेतच."

"मग दिवस राहायच्या आधी यायचं. पोर इथे वाढेल, मोठं झालं की जाईल त्याचं त्याला हवं तर." आणि मग जरा थांबून तिनं विचारलं, "परतीचं रिझर्व्हेशन आधी मिळतं का त्या गाडीचं?"

"अजून तरी नाही."

"राजापूरला जातानासुद्धा आम्ही आधी तेच बघायचो," आई म्हणाली, आणि मेथीची जुडी घेऊन बसली.